दहा फूट बाय तीन फूट: एका दुकानाच्या पाटीच्या परवानगीचं प्रकरण

जून २०२४, पहिल्या पावसाचा आठवडा. एक काकू माझ्या वर्कशॉपवर आल्या. हातात महापालिकेची नोटीस, भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेली. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "दादा, बोर्ड कंपनीनं लावून दिलाय. माझा त्यात एक रुपया नाही. मग नोटीस माझ्या नावानं का?"

मी दुकानांचे बोर्ड बनवतो. वडील पेंटर होते, त्यांचं घर ब्रश आणि इनॅमलवर चाललं. माझ्याकडे शीट कापणारं राउटर मशीन आहे आणि एलईडी आहेत. या धंद्यात परवानगीचं काम शेवटी बोर्डवाल्याकडेच येतं, कारण मोजमाप, चित्र आणि वजन त्यालाच ठाऊक असतं. काकूंचं प्रकरण मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवलं होतं. एका छोट्या पाटीत जे जे अडू शकतं, त्यातलं बरंचसं या एका दुकानात अडलं. शहर पश्चिम महाराष्ट्रातलं आहे. महापालिका, कंपनी आणि सोसायटी यांची नावं देत नाही; असं कुठेही घडू शकतं.

दुकान आणि फुकटचा बोर्ड

काकूंचं पोळी-भाजी केंद्र. तीन मजली सोसायटीच्या तळमजल्यावर सहा गाळे आहेत, त्यातला जिन्याच्या बाजूचा दहा फुटी गाळा त्यांनी भाड्याने घेतला. ९ एप्रिल २०२४ ला, पाडव्याच्या मुहूर्तावर, दुकान सुरू झालं. काकू स्वतः आणि हाताखाली दोन बायका. जवळच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, होस्टेलवर बाहेरच्या राज्यांतली मुलंही बरीच. धंदा संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. गल्लीतला दिवा नेमका गुलमोहराच्या फांद्यांमागे, त्यामुळे दुकानासमोर अंधार. ही अंधाराची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

दुकान उघडून आठवडा झाला नाही तोच शीतपेयाच्या वितरकाचा माणूस आला. फ्रीज ठेवा, माल घ्या, बोर्ड आमच्याकडून फुकट. नव्या दुकानदाराला ही ऑफर नाकारणं फार अवघड असतं. डिपॉझिट, शेगड्या, भांडी यांत पैसा संपलेला असतो आणि डोक्यावरची जागा रिकामी असते. काकूंनी हो म्हटलं. दोन दिवसांत चौदा फूट बाय चार फुटांचा, आतून ट्यूब लावलेला फ्लेक्सचा बोर्ड चढला. त्यातला दोन तृतीयांश भाग कंपनीच्या रंगाचा आणि बाटलीच्या चित्राचा. उरलेल्या कोपऱ्यात दुकानाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याखाली बारीक मराठीत. गाळा दहा फुटांचा आणि बोर्ड चौदाचा, म्हणून दोन फूट जिन्याच्या तोंडावर आणि दोन फूट शेजारच्या शटरवर. वायर व्हेंटिलेटरमधून आत ओढून थेट प्लगात खोचलेली.

मी तो बोर्ड पाहायला गेलो तेव्हा रस्त्याच्या पलीकडून दुकानाचं नाव वाचताच येत नव्हतं. दिसत होती ती बाटली. माझ्या मते काकूंचं खरं नुकसान तिथेच झालं होतं, नोटीस नंतरची.

नोटीस त्याच महिन्यात का आली

१३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. ते होर्डिंग १२० फूट बाय १२० फुटांचं होतं. मुंबईत परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४०. क्षेत्रफळाच्या हिशेबात नऊ पट. त्याआधी १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात पाच जण, आणि ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात सांगाडा काढताना तो कोसळून चार जण. घाटकोपरनंतर आमच्या शहरातही परवाना विभागाची माणसं हातात टेप घेऊन फिरू लागली. मुख्य लक्ष होर्डिंगवर होतं. पण रस्त्याने चालताना जिन्याच्या तोंडावर लोंबणारा चार फुटी पेटता डबा दिसला, तर निरीक्षक तो सोडून पुढे कसा जाईल? न सोडणं योग्यच होतं.

नोटिशीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २४५ लिहिलेलं होतं. हे कलम जाहिरातींबद्दल आहे. त्याच्या आधीचं, म्हणजे २४४ वं, आकाशचिन्हांबद्दल. आकाशचिन्ह हा शब्द ऐकला की लोकांना विमान किंवा फुगा आठवतो. अर्थ साधा आहे. इमारतीवर खांब किंवा सांगाडा उभारून लावलेली आणि रस्त्यावरून पाहिल्यावर मागे आकाश दिसेल अशी पाटी. एकमजली पत्र्याच्या दुकानाने छपरावर चौकट उभी केली की ती आकाशचिन्ह होऊ शकते, मग त्यावर फक्त स्वतःचं नाव का असेना. काकूंच्या बोर्डामागे भिंत होती, म्हणून तो २४४ मध्ये बसत नव्हता.

आता २४५. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय जमिनीवर, इमारतीवर किंवा भिंतीवर जाहिरात लावायची नाही, हा मूळ नियम. त्याला सवलत आहे. जाहिरात प्रकाशित नसेल, आकाशचिन्हही नसेल, आणि त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची किंवा तिथल्या मालकाच्या, भोगवटादाराच्या (म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या) नावाची असेल, तर परवानगी लागत नाही. म्हणजे काकूंनी लाकडी फळीवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव रंगवून घेतलं असतं, तर कलम २४५ च्या परवानगीसाठी अर्ज करायची गरजच नव्हती. आत दिवा पेटला आणि ती सवलत गेली. त्यात बाटलीचं चित्र, जे त्या जागेत चालणाऱ्या पोळी-भाजीच्या धंद्याचं नाव म्हणून चालूच शकत नाही.

काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही याच कलमात आहे. नियमाविरुद्ध लावलेली जाहिरात काढून टाकण्याची नोटीस आयुक्त त्या जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला देऊ शकतात. बोर्ड कुणाच्या पैशाने झाला हे तिथे पाहिलं जात नाही. हे समजावून सांगताना मला वाईट वाटत होतं, कारण वितरकाच्या माणसाने यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं आणि नोटीस आल्यापासून तो फोन उचलत नव्हता. लेखी करार नव्हताच. फुकटच्या बोर्डाला कोण करार करून घेतो?

तिसरी अडचण नोटिशीत नव्हती, ती मी काढली. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्याच्या बऱ्याचशा तरतुदींतून सुटली आणि मराठी पाटीचा नियमही त्यांच्यासाठी सैल झाला. २०२२ च्या दुरुस्तीने कलम ३६ क घालून ही पळवाट बुजवली. नामफलक देवनागरीत मराठीत हवा, मराठी सुरुवातीला हवं, आणि मराठीचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. व्यापाऱ्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने दसरा-दिवाळीच्या हंगामाकडे बोट दाखवून दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. काकूंच्या बोर्डावर इंग्रजी वर आणि मोठं, मराठी खाली आणि बारीक. नवा बोर्ड करायचाच होता, तर एका दुरुस्तीसाठी पुन्हा चौकट उतरवायची वेळ येऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

आधी उतरवलं

नोटिशीला उत्तर देण्याआधी आम्ही तो बोर्ड खाली घेतला. काही दुकानदार उलटं करतात. बोर्ड तसाच ठेवून त्याच बोर्डासाठी अर्ज टाकतात. माझा अनुभव असा की लटकलेली वस्तू अधिकाऱ्याला रोज दिसत राहते आणि अर्जाची फाईल मात्र एकदाच दिसते. उतरवण्याआधी फोटो काढले, उतरवताना काढले, रिकाम्या भिंतीचेही काढले. ते लावून उत्तर लिहिलं: बोर्ड अमुक तारखेला काढला आहे, नव्या नामफलकासाठी रीतसर अर्ज करत आहोत. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घेतला. पुढे दोनदा हीच शिक्क्याची प्रत कामी आली.

मग मी काकूंना सरळ सांगितलं, की दिव्याशिवायची पाटी लावा, परवानगीची भानगडच नाही. त्यांनी मला संध्याकाळी सात वाजता दुकानासमोर नेऊन उभं केलं. गुलमोहराखाली काळोख. मुलं मोबाइलचा नकाशा बघत दुकानावरून पुढे निघून जात होती. बाहेरून फोकस टाकला तर चालेल का, असं परवाना विभागात विचारून आलो. निरीक्षक साहेबांचं म्हणणं, प्रकाश आतून असो की बाहेरून, फलक प्रकाशितच धरला जाईल. मग ठरलं. दिवा हवा, म्हणजे अर्ज करायचा.

चित्र काढताना

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ चित्रावर घालवला, आणि तो वेळ सार्थकी लागला असं आजही वाटतं. अर्जाला जोडायचं रेखाचित्र म्हणजे लोक बहुधा कॉम्प्युटरवरचं रंगीत डिझाइन जोडतात. त्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टी बघायच्या असतात: फलक गाळ्याच्या रुंदीबाहेर जातो का, भिंतीपासून पुढे किती येतो, जमिनीपासून किती उंच आहे, आणि कशाला धरून आहे. म्हणून मी इमारतीचा समोरचा भाग काढला, सहाही गाळे दाखवले, काकूंचा गाळा गडद केला. रुंदी दहा फूट, म्हणजे शटरच्या दोन्ही खांबांच्या आत. उंची तीन फूट. भिंतीपासून पुढे चार इंच. बाजूने पाहिल्यावर कसं दिसेल त्याचं वेगळं चित्र, त्यात बोल्ट कुठे शिरतो तेही.

अक्षरांची मापं काढताना मराठीचा प्रश्न नीट समोर आला. कायदा म्हणतो, मराठी अक्षर लहान नको. पण देवनागरी अक्षर मोजायचं कुठून कुठपर्यंत? रोमन मोठं अक्षर म्हणजे सरळ ठोकळा; सहा इंच म्हटलं की सहा इंच. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आहेत, खाली उकार आहे. वरून खालपर्यंत सगळं मिळून सहा इंच धरलं, तर शिरोरेषेपासून पायापर्यंतचं मूळ अंग जेमतेम साडेतीन इंच उरतं. कागदावर दोन्ही सहा इंच, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला इंग्रजी जवळजवळ दुप्पट. अनेक पाट्यांवर नेमकं हेच झालेलं आहे. मापाने नियम पाळला, डोळ्याने मोडला. वडील अक्षराचं अंग आधी आखायचे आणि वरच्या-खालच्या चिन्हांसाठी वेगळी जागा सोडायचे. मी तेच केलं.

छत्तीस इंच उंचीचा हिशेब असा बसला. वर दोन इंच कोरी जागा, मग वेलांटीसाठी चार, नावाचं अंग अकरा, खाली उकाराला तीन, मध्ये एक इंच. दुसऱ्या ओळीत 'पोळी-भाजी केंद्र', मात्रांना दोन आणि अंग पाच. पुन्हा दोन इंच मोकळे. शेवटच्या ओळीत होस्टेलच्या मुलांसाठी तेच नाव इंग्रजीत, चार इंच. खाली दोन इंच. इंग्रजीचं चार इंच आणि मराठीच्या धाकट्या ओळीचंही अंग पाच इंच, म्हणून कुणी कुठूनही मोजलं तरी मराठी मोठीच. ही सगळी मापं चित्रात बाण काढून लिहिली.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. प्रकाशित अक्षरं बनवायला देवनागरी अवघड, असं नवे कारागीर म्हणतात. मला उलट वाटतं. शिरोरेषा सगळ्या शब्दाला एकत्र बांधते. पत्र्याच्या डब्याचं अक्षर केलं तर अख्खा शब्द एकच तुकडा होतो, वायर रेषेच्या आतून जाते, भिंतीत भोकं कमी पडतात. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं धरावं लागतं. आपल्याकडे सुटे राहतात ते अनुस्वार आणि क, ब, व यांच्या पोटातले डोळे. आम्ही काकूंचा बोर्ड एसीपी शीटमध्ये (मध्ये प्लास्टिक, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनिअमचा पातळ पत्रा) अक्षरं कापून मागून दुधी अ‍ॅक्रिलिक लावून केला, त्यामुळे तेही डोळे अ‍ॅक्रिलिकवर चिकटून जागेवर राहिले.

सोसायटीची ना-हरकत

अर्जाला जोडायचे कागद तसे नेहमीचे: दुकान नोंदणीची सूचना पावती, नोंदणी केलेला भाडेकरार, गाळ्याची मालमत्ता कराची पावती, जागेचा फोटो, रेखाचित्र, अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, आणि मालकाची व सोसायटीची ना-हरकत. मालमत्ता कराची थकबाकी असेल तर पुढे काहीच हलत नाही, आणि गाळ्याच्या मालकाने एक हप्ता चुकवलेला निघाला. मालक दुसऱ्या गावी राहतात. भले गृहस्थ, फोनवर समजल्यावर दुसऱ्या दिवशी ऑनलाइन भरून पावती पाठवली. भाडेकरारात मात्र बोर्डाबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून त्यांच्याकडून वेगळं संमतिपत्र घ्यावं लागलं. दुकान भाड्याने घेताना करारात फलकाचं एक वाक्य घालून घ्यावं: कुठे लावायचा, केवढा, आणि सोडून जाताना भिंत कोणी दुरुस्त करायची.

सोसायटीचं तसं नव्हतं. बाहेरची भिंत सामाईक, आणि पूर्वी एका गाळ्याने ड्रिल मारल्यावर वरच्या मजल्यावर ओल आली होती. सेक्रेटरी काका सरळ म्हणाले, "आमचा अनुभव वाईट आहे, सही करणार नाही." वादावादीत अर्थ नव्हता, त्यांची भीती खरी होती. जुन्या बोर्डाचे बोल्ट काढलेली भोकं मी त्यांना दाखवली. ती छज्ज्याच्या कडेला मारली होती, जिथून पावसाचं पाणी सरळ आत जातं. नव्या चित्रात बोल्ट शटरवरच्या बीममध्ये होते, छज्ज्याच्या खाली, पाण्यापासून आत. जुनी भोकं आम्ही आमच्या खर्चाने बुजवून देऊ असं लिहून दिलं. तीन अटींवर ठराव झाला: वीज दुकानाच्या मीटरवरून, रात्री दहानंतर दिवा बंद, आणि दुकान सोडताना भिंत पूर्ववत. १४ ऑगस्टला ठरावाची प्रत मिळाली. रात्री दहाची अट पहिल्या मजल्यावरच्या आजींची. त्यांच्या खिडकीत उजेड जायचा. ती मला सगळ्यांत रास्त वाटली. बोर्डाच्या वरच्या कडेला दोन इंचांची पत्र्याची पट्टी मुडपून दिली, म्हणजे उजेड वर जाणारच नाही.

वाऱ्याचा हिशेब

एवढ्याशा बोर्डाला अभियंत्याचं प्रमाणपत्र कशाला, असं काकूंच्या मुलाने विचारलं. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की चौरस मीटरला किती न्यूटन दाब येतो ते मिळतं. ३९ धरले तर सुमारे ९१३, म्हणजे दर चौरस मीटरला ९३ किलो वजनाएवढा. जुना बोर्ड छप्पन्न चौरस फूट, पाच चौरस मीटरहून जास्त. त्याच्यावर पूर्ण वारा आला असता तर दाब पाचशे किलोच्या घरात. आणि तो उभा होता चार साध्या बोल्टांवर. नवा बोर्ड तीस चौरस फूट, त्यावर जवळपास २६० किलो. शिवाय तो भिंतीला लागून, म्हणजे मागे वारा शिरायला जागा नाही. अभियंता मॅडम यावर उंची आणि आजूबाजूच्या इमारती यांचे गुणक लावून अंतिम आकडा काढतात. त्यांनी सहाऐवजी आठ अँकर, म्हणजे बीममध्ये घट्ट रुतणारे बोल्ट, सांगितले आणि बसवताना स्वतः येऊन बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. असा अभियंता मिळणं हे भाग्य. न बघता सही करून देणारेही आहेत आणि ते स्वस्त पडतात. मी त्यांच्याकडे जात नाही.

अकरा पटीची मागणी

२० ऑगस्टला अर्ज ऑनलाइन भरला. दहा-बारा दिवसांनी निरीक्षक साहेब जागेवर येऊन मापं घेऊन गेले. रेखाचित्र आणि भिंत जुळली, त्यांनी काही हरकत घेतली नाही. गणपती बसायच्या दोन दिवस आधी शुल्काचं मागणीपत्र आलं आणि काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. रक्कम त्यांच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होती.

मी पत्र मागवून पाहिलं. क्षेत्रफळाच्या रकान्यात '३०' होतं. शुल्क चौरस मीटरवर लागतं आणि आमचे तीस हे चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. खरं क्षेत्रफळ २.७९ चौरस मीटर. त्यामुळे मागणी जवळजवळ अकरा पट. चूक कुणाची? ऑनलाइन अर्जात रकान्यापुढे एकक बारीक अक्षरांत होतं आणि तो अर्ज काकूंच्या मुलाने भरला होता. मी बाजूला बसलो होतो आणि माझ्याही लक्षात आलं नाही. या धंद्यात आम्ही रोज फुटात बोलतो, डोक्यात दुसरं काही येतच नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चित्रावर माप दोन्ही एककांत असतं, क्षेत्रफळाचा गुणाकार खाली लिहिलेला असतो.

भरलेला अर्ज बदलता येत नव्हता. काकूंना कुणीतरी सल्ला दिला, की हा रद्द करून नवा टाका. मी नको म्हटलं, कारण नवा टाकला की जागेची पाहणी पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी दुरुस्तीचा साधा अर्ज लिहिला: अर्ज क्रमांक, चुकलेला आकडा, बरोबर आकडा, त्यामागचा गुणाकार, सोबत निरीक्षकांच्या पाहणीत नोंदलेली फुटांतली मापं. विभागातल्या लिपिक मॅडमनी तो वाचला, निरीक्षकांना बोलावून मापांची नोंद उघडली आणि त्याच टेबलावर टिपणी लिहून वर पाठवली. विसर्जनाच्या सुट्ट्या धरून अकरा दिवस लागले. सुधारित मागणी काकूंनी त्याच संध्याकाळी भरली.

या अकरा दिवसांत मी काकूंना एक गोष्ट करायला लावली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कार्यालयाने अधिसूचित सेवांची यादी, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो) आणि अपिलाचा अधिकारी हे सगळं फलकावर लावायचं असतं, आणि अर्जाला पोच द्यायची असते. काकू जाऊन ते वाचून आल्या, नावं वहीत लिहून आल्या. अपील करायची वेळ आली नाही. पण पुढच्या खेपेला त्या खिडकीशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. "साहेब, माझं काय झालं हो?" असं न विचारता त्यांनी अर्ज क्रमांक सांगितला आणि फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते विचारलं.

बोर्ड चढला

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, परवाना मिळाला. अटींमध्ये मंजूर मापात बदल करायचा नाही, परवाना क्रमांक आणि मुदत फलकावर दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या कुठल्याही उत्पादनाचं नाव किंवा चिन्ह टाकायचं नाही. ही शेवटची अट वाचून काकू म्हणाल्या, "बरं झालं, आता कुणी फुकट देतो म्हणालं तर हा कागदच दाखवते." वितरकाचा माणूस पुढच्याच आठवड्यात खरंच आला होता; फ्रीजवर कंपनीचं नाव आहे तेवढं पुरे, असं त्यांनी त्याला सांगितलं.

आम्ही बोर्ड १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला चढवला. सकाळी अभियंता मॅडम आल्या, आठही अँकर पाना लावून तपासले. वायर पाइपातून, एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) वेगळा, अर्थिंग तपासलेलं, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर दुकानाच्या आत जेणेकरून पावसात बिघडला तर शिडी लावावी लागू नये. तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवाना विभागातली अर्धी माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. आठवडाभर उशीर झाला असता तर दिवाळीचा फराळ काकूंनी अंधारातच विकला असता.

संध्याकाळी सात वाजता काकूंनी बटण दाबलं. मी पलीकडच्या फुटपाथवर, मुलं जिथून नकाशा बघत पुढे जायची तिथे उभा राहून पाहिलं. वेलांटीपासून उकारापर्यंत सगळं स्वच्छ वाचता येत होतं. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीत उभ्या होत्या. मी हाताने खूण करून विचारलं, उजेड येतोय का? त्यांनी मान हलवली, नाही.

शेजारच्या शटरवाल्याने दुसऱ्याच दिवशी मला थांबवलं. त्याचाही बोर्ड रंग बनवणाऱ्या एका कंपनीचा. म्हणाला, "मला तसलंच चित्र काढून द्या, फुटात आणि मीटरमध्ये." सोसायटीने एकदा ठराव केलेला असल्यामुळे त्याची ना-हरकत एका बैठकीत झाली.

परवान्याची मुदत ३१ मार्चला संपणार होती. निघण्याआधी मी डब्यातला उरलेला पांढरा रंग घेतला आणि शटरच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, 'नूतनीकरण: फेब्रुवारी' असं लिहून दिलं. रात्री शटर खाली ओढताना काकूंना ते रोज दिसतं.